‘हिडन फिगर्स’मधली पाटी कोणी काढली?

नोकरीतल्या वर्णभेदाचा आणि लिंगभेदाचा विषय निघाला की ‘हिडन फिगर्स’ (२०१६) या चित्रपटाचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे असलेल्या नासाच्या लँग्ली केंद्रात काम करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांची ही कथा आहे.

भेदभाव म्हणजे शिवीगाळ, असे मानणाऱ्यांनी हा चित्रपट आवर्जून पाहावा. कॅथरीनची नव्या विभागात नेमणूक होते, पण त्या इमारतीत तिला वापरता येईल असे स्वच्छतागृहच नसते. उंच टाचांचे बूट घालून, हिशेबाचे कागद छातीशी धरून ती अर्धा मैल धावत जाते, तिथे बसूनही आकडेमोड करत राहते आणि भिजून परत येते, तेव्हा साहेब सर्वांदेखत विचारतात की तू रोज जातेस तरी कुठे. तिचा वेळ व्यवस्थेनेच खायचा आणि कामचुकारपणाचा ठपकाही तिच्यावरच ठेवायचा, ही अन्यायाची रीत इतक्या नेमकेपणाने पडद्यावर क्वचितच आली असेल.

मात्र त्यापुढच्या प्रसंगावर माझा आक्षेप आहे. विभागप्रमुख हॅरिसन स्वच्छतागृहावरची ‘कलर्ड’ (म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी) ही पाटी स्वतःच्या हाताने तोडून पाडतो आणि प्रेक्षक सुखावतात. पण हॅरिसन हे पात्र काल्पनिक आहे आणि असा प्रसंग लँग्लीत घडलेलाच नाही. स्वच्छतागृहासाठी वणवण करण्याचा अपमान प्रत्यक्षात मेरीच्या वाट्याला आला होता. कॅथरीन तर पाटी नसलेले स्वच्छतागृह बिनदिक्कत वापरत राहिली.

पाटी हटवणारी व्यक्ती खरोखर होती, फक्त ती चित्रपटात नाही. १९४० च्या दशकात तिथल्या उपाहारगृहात मागच्या एका टेबलावर ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’ अशी पाटी ठेवलेली असे. आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच तेव्हा कॉम्प्युटर म्हणत. मिरियम मान या गणिती सहकारी ती पाटी उचलून आपल्या पर्समध्ये टाकत. नवी पाटी आली की तीही पर्समध्ये जाई. नोकरी जाईल, असे पतीने बजावूनही त्या थांबल्या नाहीत, आणि अखेर पाट्या येणेच बंद झाले. इतका अस्सल प्रसंग हाताशी असताना मुक्तीचे श्रेय एका गोऱ्या पुरुषाला द्यावे, याचे मला मनापासून दुःख होते.

गोऱ्या स्त्रियांबाबत मात्र चित्रपट सावध आणि प्रामाणिक आहे. पर्यवेक्षक मिचेलबाई डोरोथीला सांगतात की तुम्हा लोकांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यावर तुम्हाला तसे वाटत असेलच, एवढेच डोरोथी शांतपणे म्हणते. स्वतः स्त्री म्हणून दुय्यम ठरलेली व्यक्ती दुसरीच्या बढतीची फाइल कशी अडवून ठेवू शकते, हे त्या दोन वाक्यांत कळते. खऱ्या डोरोथी व्हॉन १९४९ मध्येच कृष्णवर्णीय स्त्री गणितींच्या गटाच्या प्रमुख झाल्या होत्या. पटकथेने तो संघर्ष पुढे ओढला आहे, पण त्याने फारसे बिघडत नाही.

चित्रपट जिथे थांबतो त्याच्या पुढचा मेरी जॅक्सन यांचा प्रवासही पडद्यावर यायला हवा. १९५८ मध्ये नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झालेल्या मेरी यांना पुढे वरच्या पदांची दारे बंद दिसू लागली, तेव्हा १९७९ मध्ये त्यांनी खालची श्रेणी पत्करून अभियंतापद सोडले आणि इतर स्त्रियांची भरती व बढती व्हावी यासाठीचे काम हाती घेतले.