पुणं एका दिवसात दाखवताना बेत कुठे फिसकटतो

पाहुण्यांना एका दिवसात पुणं दाखवायचा बेत बहुतेकदा दुपारी बाराच्या सुमाराला फिसकटतो. आवरण्यात आणि नाश्त्यात सकाळ जाते, आणि शनिवारवाड्यात ऐन उन्हात पोचायला होतं. १८२८च्या आगीनंतर तिथे जोती, तटबंदी आणि दरवाजे एवढंच उरलं. आत सावली फार थोडी. वयस्कर मंडळी लगेच थकतात आणि हजारी कारंज्याचं कमळ बघायचं राहून जातं. म्हणून शनिवारवाडा पहिला, तोही दार उघडता उघडता. दिल्ली दरवाजाशी मात्र रेंगाळा. दारावरचे टोकदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत, आणि माणसांना जायला त्याच दारात छोटी दिंडी आहे. मुलांना दिंडीसमोर उभं करून वर खिळ्यांकडे बघायला सांगा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

तिथून लाल महाल चालत पाच मिनिटांवर. आत्ताची इमारत नंतर बांधलेली आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगा.

दुसरी चूक क्रमाची. शिवाजी रोडची वाहतूक शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जाते, बाजीराव रोडची उलट. त्यामुळे शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय आणि शेवटी पर्वती, असं गेलं की शिवाजी रोडच्या ओघात पुढे सरकता येतं. उलट्या क्रमाने गेलात तर शनिवारवाडा पुन्हा उन्हात येतो. गाडी घरीच ठेवलेली बरी. पार्किंगची पी-१ची पाटी विषम तारखेसाठी आणि पी-२ची सम तारखेसाठी, हे बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसतं आणि गाडी उचलली जाते. मेट्रोची कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही तीन स्थानकं या सगळ्या भागाला पुरतात. खरेदी एक ते चारमध्ये ठेवू नका. पेठांतली बरीच दुकानं तेव्हा बंद असतात.

एक वाजला आणि अजून पेठेतच असाल, तर मधलं सगळं सोडून थेट केळकर संग्रहालय गाठा. डोक्यावर छप्पर आहे, आणि अडकित्ते, दिवे, वज्री बघण्यात दोन तास सहज जातात. कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महालही तिथेच आहे.

पाऊस आला तर पर्वती रद्द करा. ओल्या १०३ पायऱ्या उतरताना पाय सटकतो. त्याऐवजी जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर लेणं बघा. अखंड खडकात कोरलेलं असल्याने गाभाऱ्याकडे कोरडं आणि गार असतं. नंदीचा गोल मंडप मात्र उघड्या अंगणात आहे. उन्हाळ्यात हेच अंगण अनवाणी पायांना चटके देतं, तेव्हा मोजे जवळ असू द्या.

आगाखान पॅलेस याच दिवसात कोंबू नका. तो नगर रोडला, अगदी दुसऱ्या टोकाला आहे. जिल्हा न्यायालय स्थानकावर मेट्रो बदलून कल्याणीनगरला उतरा, पुढे रिक्षा. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ला तिथे कैदेत वारले, अटकेनंतर आठवडाभरातच. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. बंद व्हायच्या वेळेला गेलात तर तिथवर पोचायच्या आतच शिट्टी वाजते, तेव्हा आत शिरल्यावर आधी तिकडेच जा आणि खोल्या नंतर बघा.