एका रिंगची शाळा

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरला होतो. "तू आपल्या शाळेचा प्रोफेशनल बास्केटबॉल प्लेयर, सुवर्णमहोत्सवाच्या अंकात तुझं मनोगत पाहिजेच," असं ते म्हणाले, समोर एक आजी पासबुक घेऊन ताटकळत उभ्या होत्या, मी हो हो म्हणून फोन ठेवला. आता लिहायला बसलोय तर आधी हे प्रोफेशनल प्रकरण मिटवतो. हा शब्द ऐकला की पोरांच्या डोळ्यासमोर मोठी गाडी आणि बुटांची जाहिरात येते, तसलं काही नाही ओ. आपल्याकडं बास्केटबॉलचा प्रोफेशनल म्हणजे रेल्वे, पोलीस, सर्व्हिसेस (म्हणजे सैन्यदलं) नाहीतर एखाद्या बँकेकडून खेळणारा, स्पोर्ट्स कोट्यातनं चिकटलेला माणूस. सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिस, संध्याकाळी परत प्रॅक्टिस, आणि गुडघे गेले की उरते ती खुर्ची आणि समोरचं पासबुक. 2015 मध्ये डॅलसच्या टीमनं सतनाम सिंगला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलं, पहिला भारतीय, सात फुटांच्या वरचा पंजाबी गडी. मी पाच फूट आठ इंच, ते पण बूट घालून.

तर आपल्या शाळेला रिंग एकच होती. आताच्या पोरांना हे पटत नाही म्हणून सांगतो. चिंचेच्या झाडाखाली लोखंडी पाईपचा खांब, त्यावर फळ्या ठोकून केलेला बोर्ड आणि रिंग. ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला कंपाउंडची भिंत आणि सरांच्या सायकली. जाळी नव्हती, आणि जाळी नसली की काय होतं ते खेळलेल्यालाच माहीत, बॉल आतनं गेला का बाहेरनं गेला ह्यावर रोज भांडण, एकदा तर दोन पोरं आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हती. शेवटी शिपाई मामांनी सुतळी आणून स्वतः जाळी विणली. पावसात ती सुतळी भिजून अशी आखडायची की बॉल मध्येच अडकायचा, मग एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर चढून खालनं ढकलायचा. नंतर कधीतरी कळलं की 1891 साली अमेरिकेत नायस्मिथ म्हणून पीटीच्याच एका मास्तरांनी हा खेळ काढला तेव्हा पीचच्या टोपल्या टांगलेल्या, बुडासकट, आणि प्रत्येक बास्केटनंतर कुणीतरी वर चढून बॉल काढायचं. म्हणजे आम्ही अगदी मूळ पद्धतीनं खेळत होतो म्हणायचं.

बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून लागला की आपलं ग्राउंड आणि येळ्ळूरच्या वाटेवरचं भाताचं वावर ह्यात फरक राहायचा नाही. तांबड्या चिखलात ड्रिबल होतच नाही, बॉल आपटला की तिथंच बसतो. बॉल पण एकच, वरचे दाणे घासून गुळगुळीत झालेला, भिजला की साबणाच्या वडीसारखा हातातनं सटकायचा. पीटीच्या सरांनी त्यावर नियम काढला, पावसाळ्यात बॉल जमिनीला लावायचाच नाही, नुसता पास. चार महिने. ज्याच्याकडं बॉल आहे त्यानं पाय हलवायचा नाही आणि ज्यांच्याकडं नाही त्यांनी थांबायचं नाही. आम्हाला वाटायचं सर जुगाड करतायत, दुसरा इलाज नाही म्हणून. पुढं बेंगळूरला चांगले सिमेंटचे कोर्ट असलेल्या शाळांमधनं आलेली पोरं भेटली, एकेकाचं ड्रिबल म्हणजे जादू, पण बॉल नसताना कुठं जायचं ते कळायचं नाही, नुसती उभी राहायची आणि हात वर करून बॉल मागायची. मला ते आपोआप यायचं. कोचनी विचारलं कुठं शिकलास, मी म्हटलं चिखलात. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

आता नववीतली गोष्ट. पहिल्यांदाच टीम म्हणून शाळेबाहेर गेलो, कॅम्पातल्या एका शाळेच्या ग्राउंडवर तालुका मॅच. सिमेंटचं कोर्ट, पांढरे पट्टे आणि दोन रिंगा! मॅच सुरू झाली, आमचे पाच-सहा पास फिरले, मी रिंगखाली होतो, टाकला, पडला. आम्ही पाचही जण नाचायला लागलो. मिठ्या मारतोय, टाळ्या देतोय, तेवढ्यात मागनं आवाज आला, वळून बघतो तर त्यांचा पोरगा पलीकडच्या रिंगवर निवांत ले-अप टाकून परत येतोय, जवळपास कुणी नाही. आम्हाला सवयच नव्हती की ओ. शाळेत एकाच रिंगवर दोन्ही टीम टाकायच्या, मग मागं पळायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? पुढच्या पाच मिनिटांत हेच तीनदा झालं. मॅच किती पॉइंटनं हरलो ते लिहीत नाही, स्मरणिका आहे, घरोघरी जाणार.

सर एक शब्द बोलले नाहीत. परतताना सगळ्यांना भजी खायला घातली. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर आलो तर सायकली बाजूला काढलेल्या आणि भिंतीवर खडूनं एक गोल काढलेला. ती दुसरी रिंग. बास्केट पडला, कुणी पण टाकू दे, की ज्यानं टाकला त्याच्यासकट पाचही जणांनी जाऊन त्या गोलाला हात लावायचा, आणि जो शेवटी पोचेल त्यानं संध्याकाळी बॉल धुवायचा. पावसात खडू पुसला जायचा, सर परत काढायचे. दहावीच्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या फायनलला गेलो ते त्या गोलाच्या जिवावर, शूटिंग आमचं तसं बेताचंच होतं. (गंमत म्हणजे एका रिंगचा खेळ आता ऑलिम्पिकमध्ये आलाय, थ्री-ऑन-थ्री, टोकियोपासून. दहा मिनिटं किंवा आधी एकवीस होतील तो जिंकला. आम्ही वीसएक वर्षं आधीच तयार होतो.)

जिल्ह्याच्या टीममध्ये माझं सिलेक्शन झालं तेव्हा गोकाक, अथणी, चिकोडीकडची पोरं बरोबर आली. त्यातल्या निम्म्यांना मराठी यायचं नाही आणि मला कन्नड म्हणजे पुस्तकातलं तेवढंच, मार्कापुरतं. पहिल्या दिवशी जेवताना आम्ही वेगळ्या ओळीत, ते वेगळ्या. पण मॅचमध्ये मागनं कुणीतरी "हिंद ओडलेऽ" ओरडलं की अर्थ विचारत बसायला वेळ नसतो, पाय मागं पळालेले असतात. पास देताना ते "तगो" म्हणायचे, मी "घे" म्हणायचो, चार दिवसांनी मीच "तगो" म्हणायला लागलो आणि अथणीचा उंच पोरगा "घे घे घे" करत रिंगखाली घुसायला लागला. आपल्या भागात भाषेवरनं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यावर इथं काही बोलणार नाही. तो अथणीवाला अजून दर दिवाळीला फोन करतो आणि पहिला शब्द "घे" असतो.

त्याच्याकडनंच मी बॉक्स आउट शिकलो. शॉट उडाला की सगळ्या जगाची नजर बॉलवर जाते, आणि त्याच क्षणाला आपण बॉलकडं पाठ... नाही, चुकीचं सांगतोय, पाठ बॉलकडं नाही, आपल्या माणसाकडं फिरवायची. आधी तो कुठं आहे ते शोधायचं, कमरेत वाकून पाठीनं त्याला अडवायचं आणि मग वर बघायचं. बॉल दुसऱ्याच कुणाच्या हातात पडतो, स्कोअरशीटवर रिबाउंड त्याच्या नावावर लागतो. तुम्ही खाल्लेली कोपरं कुठंच लिहिली जात नाहीत. वडील मागावर काम करायचे, आई घरी कांड्या भरायची, दिवसभर. साडी दुकानात गेली की गिऱ्हाईक काठ बघतं, पदर बघतं, कांडी कुणी भरली असं विचारणारं माणूस मी तरी बघितलेलं नाही. बॉक्स आउट मला लवकर जमलं त्याचं कारण तेच असावं.

राज्याच्या ट्रायलला एकदा मला फक्त उंचीवरनं काढलं. मोजपट्टीपुढं उभं केलं, आकडा लिहिला, बॉल हातात पण दिला नाही. तेव्हा फार लागलं, खोटं कशाला बोलू. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं परत येताना झोप लागली नाही. मग्सी बोग्स नावाचा खेळाडू पाच फूट तीन इंचांचा होता आणि तरी एनबीएत चौदा सीझन खेळला, हे मला कुणीतरी त्यानंतर सांगितलं. पण अशा गोष्टींनी बरं वाटतं ते दोन दिवस, तिसऱ्या दिवशी परत पहाटे उठून ग्राउंडवर जायचंच असतं आणि तिथं बोग्स येत नाही.

पुढचं भराभर सांगतो. बेंगळूरला कॉलेज, मग एका बँकेच्या टीममध्ये स्टायपेंडवर, मग परमनंट. ऑर्डर हातात आली त्या आठवड्यात कुंदा घेऊन शाळेत आलो होतो, स्टाफरूममधल्या बाईंनी डबा उघडून आधी वजनाचा अंदाज घेतला ते आठवतंय. नोकरी लागली पण बारा जणांच्या टीममध्ये मी अकरावा, पहिले दोन सीझन जवळपास बेंचवरच. बेंचवर बसून माणूस कडू होतो किंवा निरीक्षक होतो, मी आधी कडू झालो आणि नंतर निरीक्षक. समोरचा गार्ड पास देण्याआधी कुठं बघतो, थकल्यावर कुठल्या हातानं ड्रिबल करतो, हे वहीत लिहायचो. पहिल्यांदा सलग खेळायला मिळालं तेव्हा त्या वहीवरच तीन बॉल चोरले.

मग 2010 ला गुडघा. उडी मारून उतरलो, आतनं टक् करून आवाज आला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, गेलं. ऑपरेशननंतर लोकांना वाटतं मोठा व्यायाम, वजनं वगैरे असेल, पण सुरुवातीचे आठवडे काम एकच होतं, टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. मांडीचा स्नायू हलतोय का बघायचं. पहिल्या दिवशी तो हललाच नाही. माझाच पाय, मी सांगतोय, ऐकत नाही. मी तेव्हा वडगावच्या घरी होतो, बाहेर पाऊस, शेजारच्या घरातनं मागाची खटक-खटक, त्या खटक्यावर मी मोजायचो. आई कांड्या भरता भरता मध्येच बघायची आणि म्हणायची, "आज जरा जास्त हलला बघ." हलला नसला तरी म्हणायची. सुमारे दहा महिने लागले कोर्टवर यायला, आणि आलो तर तीन पॉइंटची लाईनच मागं गेलेली! फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, त्याच वर्षी ती 6.25 मीटरवरनं 6.75 वर नेली. अर्धा मीटर म्हणजे ऐकायला काही नाही, पण हजारो वेळा एकाच जागेवरनं टाकून मनगटाला जो अंदाज बसलेला असतो तो सगळा वाया. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत यायचा. दुखरा पाय आणि नवी लाईन, परत पहिलीपासनं. सगळ्यांनाच पहिलीपासनं होतं म्हणा, एवढंच समाधान.

अंथरुणावर असताना वाचायला वेळ मिळाला, त्यात मुटोम्बोबद्दल वाचलं. काँगोचा, सात फूट दोन इंच, समोरच्याचा शॉट अडवला की बोट हलवून नाही नाही म्हणायचा. त्यानं मिळवलेल्या पैशातनं किन्शासामध्ये आईच्या नावानं हॉस्पिटल उभं केलं, 2007 मध्ये सुरू झालं. मी विचार केला की आपला पगार बघता आपण काय उभं करणार? तर एक खांब.

तो खांब उभा राहायला पण आणखी बरीच वर्षं गेली, गेल्या वर्षी जमलं. बॅचच्या ग्रुपवर टाकलं, उद्यमबागेत फॅब्रिकेशनचा वर्कशॉप असलेल्या आमच्या दोस्तानं पाईप आणि वेल्डिंग घेतलं, खानापूरच्यानं खडी पाठवली, पुण्याच्यांनी पैसे आणि भरपूर सल्ले पाठवले. माझे किती गेले ते इथं लिहीत नाही कारण हा अंक घरी पण वाचला जाणार. नवीन रिंग बसवताना टेप लावून बरोबर 3.05 मीटरवर घेतली, आणि सहज म्हणून जुन्या रिंगला टेप लावली तर ती चार बोटं खाली! एवढ्या वर्षांत खांब मातीत दबला असणार. आमच्या वेळी पण दबलेला होता का कोण जाणे, असेल तर बाहेरच्या मॅचला आमचे शॉट आखूड का पडायचे ह्याचा उलगडा मला चाळिशीत झाला.

आता महिन्यातनं दोन रविवार मी गावाकडं येतो, सकाळी सातला पोरापोरींना घेतो. पोरं हुशार. दोन दिवसांत त्यांना कळलं की जुनी रिंग सोपी आहे, त्यामुळं नव्या रिंगखाली कुणी फिरकत नाही, सगळा घोळका चिंचेखाली. उद्घाटनाला पीटीचे सर आले होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, हातात छत्री. त्यांना खुर्ची दिली, मॅच लावली. सातवीतल्या एका पोरीनं लांबनं टाकला, पडला, आणि सगळी नाचायला लागली. खुर्चीतनं आवाज आला, "मागं! मागं कोण पळणार?" पोरांना कळेना हे आजोबा कुणावर ओरडतायत. मी शिट्टी मारली, खेळ थांबवला आणि त्या भिंतीवर, नव्या रिंगच्या मागं, खडूनं गोल काढला. सरांनी तो बघितला आणि म्हणाले, "वाकडा आहे."

शेवटी पोचला तो एक बारका पोरगा, चप्पल घालून खेळत होता. बॉल घेऊन नळाकडं गेला. नळाला पाणी नव्हतं, मामांच्या जागेवर आता जो नवीन पोरगा आलाय त्यानं आतनं एक घागर आणून दिली.