बाबूची नोकरी आणि तिच्या भोवतालचे सगळे

माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे आणि गेली सव्वादोन वर्षे तो गोव्यातील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका काजूच्या कारखान्यात गर निवडण्याचे काम करतो. घरी आम्ही त्याला बाबू म्हणतो. त्याच्या दाखल्यावर बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) असे दोन शब्द आहेत, पण त्याच्याबरोबर दिवस काढणाऱ्याला त्या शब्दांपेक्षा काही साध्या गोष्टी आधी कळतात. त्याला शंभरपर्यंत न चुकता मोजता येते. नोटा ओळखता येतात, पण सुट्टे पैसे परत घेताना गोंधळ होतो. ठळक अक्षरांतील पाट्या तो वाचतो. प्रश्न विचारला की उत्तर द्यायला त्याला आठ-दहा सेकंद लागतात, आणि त्या अवधीत दुसरा प्रश्न विचारला तर पहिल्याचे उत्तर कायमचे हरवते.

त्याला नोकरी मिळण्यातला सर्वांत मोठा अडथळा ही आठ-दहा सेकंदेच होती, हे मला फार उशिरा उमगले.

शाळा संपल्यावर तो सहा वर्षे एका व्यवसाय प्रशिक्षण विभागात जात असे. पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या चिकटवणे, साच्यात मेण ओतणे अशी कामे तेथे चालत. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी आणि दिवाळी यांच्या आधी विक्री होई आणि महिन्याच्या शेवटी मुलांच्या हाती एक पाकीट पडे. शिक्षिका मनापासून राबत असत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु 'तो तयार झाला की नोकरीचे बघू' हे वाक्य आम्ही सहा वर्षे ऐकले आणि ती तयारी पूर्ण झाली असे कोणी कधी म्हणाले नाही. बाबूसारख्या माणसाला एका टेबलावर शिकलेली गोष्ट दुसऱ्या टेबलावर आपोआप नेता येत नाही, त्यामुळे मेणबत्तीच्या साच्यावर घालवलेली वर्षे त्याला कारखान्यासाठी तयार करतील ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. या क्षेत्रात काम करणारे लोक आता उलटा क्रम सुचवतात: आधी खरी जागा शोधायची, मग त्याच जागेवर, शेजारी उभे राहून शिकवायचे आणि शिकवणाऱ्याने हळूहळू मागे सरायचे. अशा शिकवणाऱ्याला जॉब कोच म्हणतात. तो आम्हाला मिळाला नाही, म्हणून ते काम मी केले.

त्याआधी अर्थातच सरकारी नोकरीचा प्रयत्न झाला, कारण गोव्यातील कोणत्याही घरात तो आधी होतो. रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आम्ही जमवला. कोंकणीची अट तर त्याने जन्मतःच पूर्ण केली होती. कायदाही आमच्या बाजूने होता. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यातील तीन टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमतेला स्थानच नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते आरक्षण चार टक्के केले आणि त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांसाठी मिळून ठेवला. त्या एका टक्क्यातही शालान्त परीक्षेची अट आणि लेखी परीक्षा पार करून जो पुढे जाईल, तो बाबू नसणार हे आम्हाला दोन अर्जांनंतर कळून चुकले. तो टक्का निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. तो मिळवू शकणारी मुले मी पाहिली आहेत. परंतु जेथे परीक्षा कामाची नसून कागदाची असते, तेथे बौद्धिक अक्षमतेचा उमेदवार दारातच थांबतो.

खासगी जागांचे दार उघडे असे, पण आत मुलाखत असे. एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या विभागात व्यवस्थापकांनी त्याला नाव, पत्ता, आवडते काम असे तीन प्रश्न एका दमात विचारले, बाबू पहिल्याचेच उत्तर जुळवत राहिला, आणि चार मिनिटांत आम्ही बाहेर आलो. चादरीच्या घड्या त्याने माझ्यापेक्षा सरळ घातल्या असत्या, पण चादर कोणी त्याच्यापुढे ठेवलीच नाही.

त्यानंतर मी नोकरी मागणे सोडले आणि आठवडा मागू लागले. कुंडईच्या कारखान्याच्या शेटना मी एवढेच म्हटले की, मुलाखत नको, सहा दिवस तुमच्या निवडीच्या टेबलावर त्याला बसू द्या, मी बाजूला राहीन, पसंत पडले नाही तर सातव्या दिवशी आम्ही येणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "तो काजू खाणार नाही ना?" मी हसले, कारण हा प्रश्न त्यांनी कोणालाही विचारला असता.

काजूची प्रतवारी हे नजरेचे काम आहे. साल काढलेल्या गरांतून अख्खे, पाकळी म्हणजे अर्धे फुटलेले, आणि तुकडा वेगळे करायचे, भाजताना करपलेले बाजूला टाकायचे, आणि अख्ख्यांमध्ये आकाराप्रमाणे प्रत लावायची. दोनशे चाळीस, तीनशे वीस हे आकडे एका पौंडात किती गर बसतात त्यावरून पडले आहेत, म्हणून आकडा जितका मोठा तितका गर लहान. तोंडी सांगून बाबूला हे समजले नसते. मी एका पुठ्ठ्यावर प्रत्येक प्रतीचे पाच-पाच गर चिकटवले आणि तो पुठ्ठा त्याच्या समोर उभा केला. पहिल्या दिवशी त्याचा वेग इतरांच्या चौथाईएवढा होता. पंधरवड्यानंतर त्याच्या डब्यात चुकीची प्रत सापडेनाशी झाली, आणि शेजारी बसणाऱ्या मावशी शंका आली की आपला गर त्याच्या पुठ्ठ्याला लावून पाहू लागल्या.

खरे कष्ट टेबलाबाहेर होते. फोंडा-पणजी बसमध्ये त्याला एकट्याने बसवणे हे प्रतवारीपेक्षा कठीण गेले. फर्मागुढीचा गणपती, म्हार्दोळ, मंगेशी, मग उठून दाराशी उभे राहायचे, असा क्रम आम्ही छायाचित्रांसह एका कार्डावर लावला. पहिला आठवडा मी त्याच्या शेजारी बसले, दुसरा मागच्या सीटवर, तिसरा मागून येणाऱ्या बसमध्ये. आईला हा तिसरा आठवडा मी सांगितला नव्हता. जेवणाच्या सुट्टीतल्या गलक्यात तो कान झाकून घेई, म्हणून त्याची सुट्टी पंधरा मिनिटे आधी ठरली. टेबलाची जागा बदलायची असेल तर आदल्या दिवशी त्याला सांगायचे, हे मात्र एकदा राहून गेले. त्या दिवशी तो दुपारपर्यंत दाराशी उभा राहिला आणि मला फोन आला. कायदा ज्याला वाजवी सोयीसुविधा म्हणतो, तिचा आमच्याकडील सगळा खर्च एक पुठ्ठा आणि एक कार्ड एवढाच होता.

पगाराच्या वेळी बँक आडवी आली. खाते उघडायला पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा, असे एका शाखेत सांगण्यात आले. अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीचे आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे खरे. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो, हेही खरे. परंतु २०१६ च्या कायद्याचे कलम १३ दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देते, आणि बाबूला सही येते. ते कलम छापून नेल्यावर दुसऱ्या फेरीत खाते उघडले गेले. पहिल्या पगारातून त्याने पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, बारा पाव आणले, कारण बारापर्यंत मोजून घेणे त्याला आवडते.

गेल्या महिन्यात शेटनी त्याला पॅकिंगमध्ये जाशील का, असे विचारले. तेथे थोडे जास्त पैसे आहेत. मी लगेच हो म्हणण्याच्या बेतात होते. बाबूने आपली आठ-दहा सेकंदे घेतली, पुठ्ठ्याकडे पाहिले आणि कोंकणीत, नको म्हणतात तसे, म्हणाला, "नाका." शेटनी मान हलवली आणि दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली.