व्हर्नच्या गावात भागवतांची आठवण

नाँत हे फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नचं गाव. पश्चिम फ्रान्समधलं, ल्वार नदीकाठचं जुनं बंदर. समुद्र इथून साधारण ५० किलोमीटरवर. ८ फेब्रुवारी १८२८ला तो इथे जन्मला आणि इथली माणसं त्याच्याबद्दल घरच्यासारखी बोलतात. मी ऐकून घेते, पण माझ्या मनातला व्हर्न आधीपासून मराठीच बोलत आला आहे. तो मला त्याच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांनी दिला.

मी रत्नागिरीची. आमचं जिल्हा नगर वाचनालयही १८२८चंच. इथे आल्यावर हा योगायोग लक्षात आला, त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. मे महिन्यात तिथून पुस्तक आणायचं, पडवीतल्या झोपाळ्यावर बसायचं आणि आजीनं गरे काढायला हाक मारली की 'एवढं पान होऊ दे गं' म्हणत चार पानं पुढे जायचं. 'पाताळलोकची अद्भुत सफर' मी अशीच वाचली. आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या तोंडातून आत उतरलेली माणसं थेट इटलीतल्या स्ट्राँबोलीतून बाहेर पडतात! त्या सुट्टीत आम्ही भावंडं रत्नदुर्गावर गेलो, तेव्हा भुयाराच्या तोंडाशी उभं राहून ते कुठे निघत असेल यावर भांडलो होतो. भाऊ म्हणाला, खाली समुद्रात. मला ते फार जवळचं वाटलं.

मग 'समुद्र सैतान' आलं, पाणबुडीतून समुद्राखाली हिंडणाऱ्या कॅप्टन नेमोचं. मग 'मुक्काम शेंडेनक्षत्र', ज्यात धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेतो. ते पुस्तक वाचून झाल्यावर रात्री अंगणात झोपायला मी नकार दिला होता.

भागवतांचा स्वतःचा नायक म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, आपला फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, हाडकुळा, सायकलवरून सुसाट सुटणारा, 'ट्टॉक' करणारा. मला वाटतं फेणे आणि व्हर्नची माणसं एकाच हवेत वाढली आहेत. घराबाहेर पडायचं, डोळे उघडे ठेवायचे, अडचण आली की डोकं चालवायचं. आणि भागवतांची भाषा! ती मुलांना समजावत बसत नाही, सोबत पळवत नेते. नेमो असो की फेणे, वाक्याचा वेग तोच. 'चांगले संस्कार व्हावेत' म्हणून हातात दिलेली पुस्तकंही मी पुष्कळ वाचली, त्यांतली काही मनापासून आवडली. पण जग मोठं आहे आणि ते आपल्यासाठीही आहे, ही खात्री मला भागवतांनी दिली. माझ्या परदेशी येण्याचं मूळ कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी त्या झोपाळ्याकडे बोट दाखवेन.

व्हर्न जन्मला तो भाग फेदो बेटाचा. आज त्याला बेट म्हणतात ते जुन्या आठवणीनं, कारण भोवतीचे नदीचे फाटे विसाव्या शतकात बुजवले गेले. पूर्वी तिथे गलबतं लागत. अकरा वर्षांचा ज्यूल घरी न सांगता इंडीजला निघालेल्या जहाजावर चढला आणि वडिलांनी त्याला वाटेतूनच परत आणलं, अशी गोष्ट इथे सांगतात. अभ्यासक तिला दंतकथा मानतात. मांडवीच्या जेटीवर उभं राहून बोटी मोजलेल्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही.

जुन्या गोदीच्या जागेवर २००७पासून एक यांत्रिक हत्ती चालतो. लाकूड आणि पोलाद यांचा, १२ मीटर उंच, पाठीवर आणि पोटात मिळून ५० माणसं घेऊन. सोंडेतून लोकांवर पाणी उडवतो, मुलं किंचाळत पळतात. हा हत्ती सुचला तो व्हर्नच्या १८८०च्या एका कादंबरीवरून. तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन घरं ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. फ्रेंच जरा हाताशी आल्यावर मी ती मुळातून वाचायला घेतली, आणि पहिल्याच प्रकरणात समोर आलं औरंगाबाद! तिथे जाहिरनामा लागलेला असतो, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस.

व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. तरी त्यानं आपली किती ठिकाणं लिहिली! ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणारा त्याचा नायक फॉग, त्याचा नोकर मुंबईत मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खातो. मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या गरीब हिंदी माणसाला नेमो शार्कच्या तोंडातून वाचवतो आणि त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. हा नेमो कोण, ते व्हर्ननं पुढच्या एका कादंबरीत सांगितलं: बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनच्या उठावात लढलेला. हे कळल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ घरात फेऱ्या मारल्या. लहानपणी ज्याच्यासोबत समुद्राखाली हिंडले, तो परका नव्हताच.

म्हणूनच त्या हत्तीच्या कादंबरीतला नानासाहेब मला बोचतो. व्हर्ननं त्याला सूडानं पेटलेला खलनायक केलं आहे. इंग्रजांनी केलेल्या कत्तलीही तो लिहितो, हे खरं. पण कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेला, बिठूरला दत्तक गेलेला, पेन्शन नाकारली गेलेला माणूस त्यात नाही.

रत्नागिरीतल्या भाच्याला मी हत्तीचा व्हिडिओ पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "आत्या, हा घाट चढेल का गं?" तेव्हापासून दर रविवारी मी त्याला ती कादंबरी मराठीत सांगते आहे. फ्रेंच पान समोर ठेवायचं आणि भागवतांच्या वेगानं बोलायचा प्रयत्न करायचा. लांबलचक वर्णनं मी गाळते, यंत्राची माहिती मात्र पूर्ण देते, कारण त्याला बॉयलरबद्दल सगळं हवं असतं. कोलकात्याहून निघून आम्ही गयेला फल्गू नदीपाशी पोहोचलो आहोत. पुढे काशी, प्रयाग, मग कानपूर. कानपूरच्या आधीचा एक रविवार मी राखून ठेवला आहे. त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून त्याला वेणगावचा नानासाहेब सांगायचा, आणि मगच व्हर्नचा.