सरकीचा हिशेब

लग्नाच्या हॉलमध्ये बसलो तरी माझा हात गादीच्या उसवलेल्या कोपऱ्याकडे जातो. चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणायचा, जुळवायचा, पुन्हा ताणायचा. तंतू सरळ झाले की लांबी नजरेनं मापायची. यवतमाळकडं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून काम केलं की ही खोड लागतेच. (हॉलच्या गादीत बहुतेक वेळा गिरणीचा कचराच निघतो, तो भाग वेगळा.) आता यंत्र मिलिमीटरमध्ये लांबी सांगतं, पण फाटकात गाड्यांची रांग लागल्यावर यंत्राची वाट कोण बघणार?

लोक म्हणतात, तुमचा कापसाचा धंदा. आता हिशेब बघा. 100 किलो कापसातून रुई, म्हणजे बी काढलेला कापूस, निघते 34 किलोच्या आसपास. 63-64 किलो सरकी, म्हणजे बी, उरलेली घट. पाचेक क्विंटल कापूस यंत्रातून जातो तेव्हा कुठं 170 किलोची एक गाठ बांधली जाते. वजनानं बघितलं तर आम्ही सरकीचे व्यापारी, रुई सोबत येते. सकाळी भाव काढताना शेठ न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातल्या कापसाच्या भावावर नजर टाकतात खरी, पण पहिला फोन तेलघाणीवाल्याला असतो. ढेप, म्हणजे सरकीचं तेल काढल्यावर उरणारी जनावरांची पेंड, तेजीत असली की कापसाला थोडं चढं बोलायची हिंमत येते. वणीच्या शेतकऱ्याला काय मिळणार, हे कुठल्यातरी गोठ्यातल्या म्हशी बऱ्याच अंशी ठरवतात. त्यांना याचा पत्ता नाही आणि शेतकऱ्यांनाही फारसा नसतो.

सरकी दाबली की क्विंटलमागं दहा-बारा किलो तेल. त्यात गुजरातेत फरसाण तळलं जातं. बहुतेक बाकीची ढेप. सरकीला चिकटून राहिलेली बारीक लव, म्हणजे लिंटर, तीही कुणी फेकत नाही. तिच्यातलं सेल्युलोज पूर्वी फोटोच्या फिल्ममध्ये जायचं आणि बंदुकीच्या दारूतही. आपल्या नोटांचा कागदही कापसाचाच. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, रोख मिळायचा तेव्हा थोडा कापूस तरी शेतकऱ्याच्या खिशातून घरी परत जायचा. आता पैसे थेट खात्यात पडतात.

आणि सरकी म्हणजे बियाणंच की. आजोबांच्या काळी घरची सरकी शेणात घोळून पेरत. 2002 साली बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं बियाणं, आलं, सगळीकडं संकरित वाण झाले, आणि घरची सरकी पेरली तर पीक एकसारखं येत नाही. म्हणून शेतकरी हंगामात क्विंटलांनी सरकी आमच्याकडं टाकून जातो आणि जूनमध्ये 475 ग्रॅमच्या पाकिटाला नऊशेच्या घरात पैसे मोजतो. या व्यवहारात सगळ्यांत शहाणा कोण, हे मी फाटकावर उभं राहून पुष्कळ वेळा ठरवायचा प्रयत्न केला आहे.

फाटकावर वाद मात्र ओलाव्याचा. 8 टक्क्यांपर्यंत ठीक, पुढं कट्टी म्हणजे कपात, 12 च्या वर सरकारी खरेदीत माल परत. शेतकरी म्हणतो, ‘काऊन जी भाऊ, धुई पडली त मी काय करू?’ त्याचंही खरंच असतं. ओलाव्यापेक्षा मला धास्ती खताच्या पोत्याच्या प्लास्टिकच्या धाग्याची. एवढासा धागा सुतात गेला की कापड रंगवताना तिथं रंगच धरत नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिली वेचणी सुरू होते तेव्हाचा माल बघावा, पांढराशुभ्र. बायका बोंडाची टोकं बोटांना टोचून घेत किलोवर मजुरी करतात, आणि शेवटी फरदडीची, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या झाडांची, पिवळी कवडी, खराब झालेला कापूस, येते. तीच मजुरी, वेळ दुप्पट.

एवढं करून आमच्या देवघरात जिनिंगच्या कापसाला प्रवेश नाही. आईला फुलवाती आणि गौरीची वस्त्रमाळ करायला परसातल्या देवकापसाचीच रुई लागते, हातानं सरकी काढलेली. मी एकदा उत्तम लांब धाग्याची रुई आणून दिली. तिनं दोन बोटांत ओढली, ‘हिला ऊब नाही’ म्हणाली, आणि उशीत भरली. देवकापसाची सरकी मात्र ती डब्यात जपते आणि जी शेजारीण भेटेल तिला मूठभर देते. गल्लीत आता प्रत्येक कुंपणाला एक झाड आहे. घेणारी शेजारीण उरली नाही, त्यामुळं सध्या ती दूधवाल्याच्या मागं लागली आहे.