आई-बाबांसोबत आरव्हीत २२ रात्री: डेन्व्हर ते यलोस्टोन आणि परत

लेकीच्या शाळेतून आलेल्या एका कागदामुळे ही सहल ठरली. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलांना 'एव्हरी किड आउटडोअर्स' योजनेत नॅशनल पार्कचा मोफत पास मिळतो. सप्टेंबरपासून पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत तो चालतो आणि ज्या पार्कात प्रवेशशुल्क गाडीमागे असतं तिथे गाडीतले सगळे त्यावर आत जातात. त्याच उन्हाळ्यात माझे आई-बाबा आमच्याकडे येणार होते. बाबांचे गुडघे दुखतात आणि रात्री झोपेत श्वास अडू नये म्हणून त्यांना सीपॅप मशीन लागतं. आईला दर दीड तासाने बाथरूम लागतं आणि तीन दिवस बाहेरचं खाल्लं की तिचं पोट बिघडतं. हॉटेलं बदलत, सामान चढवत-उतरवत तीन आठवडे त्यांना फिरवणं मला पटेना. घरच सोबत नेऊ, असं नवरा म्हणाला आणि आम्ही आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतली.

१५ जून ते ७ जुलै २०२४. डेन्व्हर, मोआब, कॅपिटल रीफ, ब्राइस, झायन, सॉल्ट लेक सिटी, ग्रँड टीटन, यलोस्टोन, कोडी, कस्टर आणि परत डेन्व्हर. साधारण २६०० मैल. सहा माणसं: आम्ही दोघं, आई-बाबा, लेक आणि सहा वर्षांचा मुलगा.

बुकिंगपासून सांगते, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं. आधी तारखा ठरवून मग जागा शोधल्या तर जागा मिळत नाहीत. सगळ्यात अवघड जागा आधी पकडायची आणि बाकीची सहल तिच्याभोवती बसवायची. आमच्यासाठी ती जागा म्हणजे यलोस्टोनमधला फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. वीज, पाणी आणि सांडपाणी ही तिन्ही कनेक्शनं, म्हणजे फुल हुकअप, पार्कच्या आत फक्त तिथेच आहेत. अस्वलांचा भाग असल्याने तंबूला परवानगी नाही, भक्कम भिंतींच्या गाड्याच चालतात. ते बुकिंग आम्ही वर्षभर आधी केलं. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडची जागा सहा महिने आधी रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर मिळाली, तीही सकाळी लॉगिन करून घड्याळाकडे बघत बसलो म्हणून.

गाडी आम्ही ३० फुटी क्लास सी घेतली, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरही पलंग असलेली. पुन्हा घ्यायची झाली तर २५ फुटीच घेईन. पार्कांमधल्या कितीतरी जागांना लांबीची मर्यादा असते आणि पाच फूट कमी असते तर आम्हाला दुप्पट पर्याय मिळाले असते. सहा जणांना झोपायला २५ फुटीतही जागा होते. पलंगांपेक्षा सीटबेल्ट मोजा, कारण गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं असतं. चालत्या गाडीत चहा टाकायचा, पलंगावर पडायचं, हे मनातून काढून टाका.

ताबा घेताना दोन तास हाताशी ठेवा. ओरखड्यांचे व्हिडिओ सगळेच काढतात, तुम्ही टाक्यांचे काटेही बघा. आमच्या गाडीची ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, दोन तृतीयांश भरलेली दाखवत होती. 'सेन्सर खराब आहे' असं काउंटरवर सांगितलं गेलं आणि आम्ही विश्वास ठेवला. टाकी खरंच भरलेली होती. दुसऱ्याच सकाळी नवऱ्याला डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, दुसऱ्याची घाण उपसावी लागली. तिथला क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जाताना नळी धुऊन नेतं. हातमोजे आपले घ्या, टॉयलेट पेपर आरव्हीसाठी मिळणारा विरघळणाराच वापरा आणि फुल हुकअपवर असलात तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ टाकीत साचतो.

गाडीची उंची, रुंदी आणि लांबी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत, झाडांच्या फांद्या, बोगदे, सगळीकडे तो कागद बघावा लागतो. वळताना मागचा भाग उलट्या बाजूला झुकतो, म्हणून खांबाजवळून वळायचं नाही.

डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११,००० फुटांहून उंच. पुढचा सिल्व्हरथॉर्नचा उतार मला बोगद्यापेक्षा अवघड गेला. ब्रेकवर पाय दाबून बसलात तर ब्रेक तापतात. आधीच खालचा गिअर टाका आणि ट्रक ज्या वेगाने उतरतात त्याच वेगाने त्यांच्या मागे उतरा. मोआबला एका दमात जाऊ नका. आम्ही ग्रँड जंक्शनला रात्र काढली आणि तिथून पुढे नियमच केला: दिवसाला २०० मैलांहून जास्त नाही आणि शक्य तिथे दोन रात्री. झायन ते सॉल्ट लेक सिटी आणि परतीचा टप्पा सोडला तर तो बऱ्यापैकी पाळला. गूगल चार तास म्हणालं की आरव्हीला साडेपाच धरा.

मोआबला जूनमध्ये ऊन भाजून काढतं. तिथे वीज असलेलीच जागा घ्या, एसीशिवाय म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील. मोआबजवळच्या आर्चेस पार्कसाठी आम्हाला वेळेचं तिकीट काढावं लागलं होतं. हा नियम बदलत राहतो, म्हणून जाण्याआधी बघा. डेलिकेट आर्चची जाऊन-येऊन तीन मैलांची चढाची वाट मी आणि लेकीने पहाटे केली. आई-बाबांना तिथलाच विंडोज नावाचा भाग पुरला. गाडीतून उतरून थोडं चाललं की कमानी समोर उभ्या असतात.

कॅपिटल रीफच्या फ्रुटा कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही. जागा मात्र सगळ्या सहलीतली सर्वांत गोड: लाल कड्यांच्या पायथ्याशी मॉर्मन वसाहतकारांनी लावलेल्या फळबागा आणि संध्याकाळी गवतात चरणारी हरणं. पहिल्याच रात्री अडीचच्या सुमाराला बारीक टीं-टीं आवाजाने मी जागी झाले. गाडीतल्या घराला वीज देणाऱ्या बॅटरीने मान टाकली होती. बाबांचं मशीन बंद पडलं होतं आणि ते पलंगाच्या कडेवर बसून मास्क हातात धरून श्वास घेत होते. रात्री जनरेटर लावायला बंदी. आम्ही पाठीशी सगळ्या उशा रचल्या, खिडक्या उघडल्या आणि उजाडेपर्यंत त्यांच्याशी बोलत बसलो. माझ्या हातून तयारीत राहिलेली ही सगळ्यात मोठी चूक. घरात सीपॅप असेल तर हे आधी करा: मशीनचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मागवा, म्हणजे इन्व्हर्टरमधली वीज वाया जात नाही. ह्युमिडिफायर आणि नळीचं हीटिंग बंद ठेवा, खरी वीज तेच खातात. आणि हुकअप नसलेल्या जागी परवानगीच्या वेळेत जनरेटर लावून बॅटरी भरून घ्या. दुसऱ्या रात्री ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीन सकाळपर्यंत चाललं. पुढे सॉल्ट लेक सिटीत आम्ही वेगळं पॉवर स्टेशनही, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घेतलं.

कॅपिटल रीफहून ब्राइसला १२ नंबरचा रस्ता अतिशय सुंदर आहे म्हणतात, पण हॉग्सबॅकच्या अरुंद धारेवर दोन्ही बाजूंना दरी असते. एवढ्या गाडीने आणि बाबांना बसवून तो घ्यायचा धीर मला झाला नाही. लोआ गावावरून वळसा घातला, त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

ब्राइसला पोचलो तो दिवस २१ जून, वटपौर्णिमा. आईचा उपास होता आणि वड कुठून आणायचा हा प्रश्न. रेंजर केंद्रात लेकीने ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घेतली होती, त्यात तिला ब्रिसलकोन पाइनची माहिती सापडली: रेनबो पॉइंटजवळच्या सोप्या वाटेवर दीड हजार वर्षांहून जुनी झाडं आहेत. मग सगळे तिथे गेलो. ९,१०० फुटांवर धाप लागते, आई तीनदा बसली. पिळदार, अर्धवट वाळलेलं खोड, एका फांदीवर मात्र हिरव्या सुयांचे झुपके. झाडाला काही बांधायचं नाही, तोडायचं नाही हे लेकीनेच आजीला समजावलं. आईने नुसते हात जोडले आणि वाटेवरूनच झाडाला नमस्कार केला. रात्री पूर्ण चंद्र त्या दगडी सुळक्यांवर आला तेव्हा बाबा कठड्यापाशी बराच वेळ काही न बोलता उभे होते. व्यवहाराचं सांगायचं तर ब्राइसच्या मुख्य कड्यावरच्या पॉइंटना शटलच्या वेळेत मोठ्या गाड्या नेता येत नाहीत. गाडी बाहेर लावून मोफत शटल घ्या. रेनबो पॉइंटला मात्र सकाळी लवकर आरव्ही घेऊन जाता येतं.

झायनकडे जाताना माउंट कार्मेलचा १.१ मैलांचा बोगदा आहे. तो १९३० मध्ये खुला झाला, तेव्हा असल्या गाड्यांचा विचारच नव्हता. आम्ही १५ डॉलरचा परवाना काढला. तो पासमध्ये धरलेला नाही. रेंजरने समोरची वाहतूक थांबवली आणि आम्ही बोगद्याच्या मधोमध गाडी घातली. पण २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद करायचं पार्कने ठरवलं आहे. त्यामुळे ब्राइसहून येणाऱ्यांनी मापं तपासून वळशाचा रस्ता आणि जादा वेळ धरावा. झायनमध्ये गाडी जागेवर उभी केली की हलवू नका, दरीत शटलनेच जायचं असतं. रिव्हरसाइड वॉक फरसबंदी आणि जवळपास सपाट आहे. बाबा पूर्ण चालले आणि नदीत पाय सोडून बसले.

सॉल्ट लेक सिटीत दोन रात्री विश्रांती, कपडे धुणं आणि किराणा. शहरात आरव्ही म्हणजे गळ्यातलं लोढणं. ट्रॅक्स रेल्वेच्या जवळ मुक्काम करा. शहराच्या मध्यभागात तिला भाडंही लागत नाही.

ग्रँड टीटनला जाताना टीटन पास हा घाट टाळा, उतार फार तीव्र आहे. आम्ही गेलो त्याच महिन्यात तिथला रस्ता खचला होता. अल्पाइनवरून स्नेक नदीच्या कडेने येणारा रस्ता आरव्हीला सोयीचा.

यलोस्टोनला तीन रात्री कमीच पडल्या, चार धरा. १८७२ पासूनचं हे पार्क इतकं मोठं आहे की फिशिंग ब्रिजहून ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याला जाऊन यायलाच अर्धा दिवस लागतो. ओल्ड फेथफुलच्या पुढच्या उद्रेकाची अंदाजे वेळ तिथे लावलेली असते, साधारण दीड तासाने एक. बसायला बाकं आणि पायऱ्यांशिवायची वाट असल्याने आई-बाबांना अजिबात त्रास झाला नाही. ग्रँड प्रिझमॅटिक या गरम पाण्याच्या रंगीत झऱ्याला मात्र सकाळी आठच्या आत पोचा, नंतर मोठ्या गाडीला जागा मिळत नाही. या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं. डाळ तासभर टाकूनही शिजेना, तेव्हा कुकर आणल्याचं समाधान वाटलं. जुलै उजाडला होता तरी रात्री हीटर लागला.

हेडन व्हॅलीत गव्यांनी, म्हणजे बायसननी, रस्ता अडवला. इंजिन बंद करून थांबलो. एक भलामोठा नर बाबांच्या खिडकीला खेटून गेला. मानेवरची जुन्या लोकरीची जुडगी सुटत आलेली, आणि श्वास इतका जोरात की काच धुरकटली. बाबांनी हात काचेवर ठेवला आणि तो जाईपर्यंत काढला नाही. तुम्ही स्वतः जवळ जाऊ नका. बायसनपासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड हा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्यांना आम्ही रोज बघत होतो.

कोडीहून पूर्वेला बिगहॉर्न पर्वत ओलांडायला टेन स्लीपवरून जाणारा १६ नंबरचा रस्ता घ्या. १४ए फार उभा आहे. वायोमिंगमध्ये वारा सुटतो तेव्हा ताशी ५५ मैलांच्या वर जाऊ नका आणि मुक्कामाला छत्री, म्हणजे ऑनिंग, उघडी ठेवून झोपू नका. कस्टरमध्ये नीडल्स हायवे आरव्हीने करता येत नाही, तिथला एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. माउंट रशमोरला कीस्टोनवरून जा.

खर्च: पेट्रोलला हजार डॉलरच्या आत, गॅलनला नऊ मैल पडले. भाड्याच्या करारात मैलांचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लागतात, ते आधी बेरजेत घ्या. पास नसेल तर ८० डॉलरचा वार्षिक पास घ्या. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी तोच २५० डॉलरचा झाला आहे, आणि पास नसेल तर ११ मोठ्या पार्कांत अशा पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. आई-वडील भारतातून येणार असतील तर पास कोणाच्या नावावर घ्यायचा ते आधी ठरवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

शेवटची रात्र शायनला काढली, म्हणजे सकाळी डेन्व्हरला पोचून टाक्या रिकाम्या करायला आणि पेट्रोल भरायला वेळ राहिला. टाक्या रिकाम्या असल्याचे फोटो काढले. आईने चादरींच्या घड्या घातल्या, ओटा पुसला, आणि काउंटरवरचा माणूस किल्ली मागायला आला तेव्हा ती आत चहाची शेवटची भांडी विसळत होती.