उजव्या अंगठ्याचे तीन आठवडे

साताऱ्याच्या एका पतसंस्थेत मी ३१ वर्षं रोखपाल होतो. दिवसभर नोटा मोजायच्या, म्हणजे सगळं काम उजव्या अंगठ्याचं. गेल्या वर्षी एका पहाटे जाग आली तेव्हा तोच हात अंगाखाली दगडासारखा पडला होता. जीभही जड झालेली. पक्षाघाताचा झटका होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझा झटका झोपेत आला, त्यामुळे वेळ कुणालाच सांगता येईना. ते इंजेक्शन मिळालं नाही.

पाय लवकर सावरला, दोन महिन्यांत काठी सुटली. हात मात्र खांद्यातून हलायचा, कोपरापर्यंत यायचा आणि बोटं मुठीतच अडकलेली. भेटायला येणारा प्रत्येक जण एक उपाय सांगून जाई. कबुतराचं रक्त चोळा म्हणणारेही भेटले. तिकडे गेलो नाही, पण ‘मशीनने मेंदू जागा करतो’ अशा एका जाहिरातीला भुललो. दहा बैठकांचे पैसे आधी भरून घेतले. डोक्याला पट्टा बांधायचे, मी वीस मिनिटं गप्प बसायचो आणि घरी यायचो. दहा दिवसांत माझ्या उजव्या हाताला तिथल्या कुणी स्पर्शसुद्धा केला नाही. कधी फिट आली होती का, डोक्यात धातूची पट्टी किंवा छातीत पेसमेकर आहे का, हे मशीन लावण्याआधी विचारायलाच हवं. तेही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे पुण्यात एका न्यूरोफिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी हे सगळं विचारलंच, शिवाय मनगट किती उचलतं ते मोजलं. उपचारासाठी ते निदान १० अंश तरी वर यायला हवं होतं. माझं जेमतेम आलं. मग डॉक्टरांनी इंग्रजी आठच्या आकाराची चुंबकाची कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला धरली. टक् असा आवाज झाला आणि मांडीवर पडलेला माझा अंगठा आपोआप उडाला. मी हलवला नव्हता. पुन्हा टक्, पुन्हा उडाला. “काका, मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. ही शेजारी बसली होती, तिने माझा अंगठा घट्ट धरून ठेवला.

मशीनबद्दल मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं. झटक्यानंतर मेंदूची चांगली बाजू दुखावलेल्या बाजूला दाबते, तो दाब कमी करावा, ही त्यामागची कल्पना. पण अमेरिकेत १२ केंद्रांवर एका गटाला खरं आणि दुसऱ्याला खोटं चुंबक लावून पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१८ साली छापून आला. व्यायाम दोन्ही गटांना सारखाच होता आणि दोन्हींत साधारण दोन तृतीयांश लोकांचा हात सारखाच सुधारला. “त्याच कल्पनेवर आपण विजेचा सौम्य प्रवाह देऊ, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. हात तुम्हालाच चालवायचाय.”

१५ दिवस, आठवड्यातून पाच. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे, २ मिलिअँपिअरचा प्रवाह, २० मिनिटं. सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. काउंटरवर बोटं ओली करायला माझ्याकडे असाच स्पंज असायचा, त्याची रोज आठवण व्हायची. प्रवाह चालू असतानाच काम सुरू. राजम्याचे दाणे वाटीतून वाटीत, कपड्यांचे चिमटे दोरीला, स्टीलचा पेला फळीवर. एकेक गोष्ट शंभर-शंभर वेळा. जमलं की पेला जरा लांब सरकवायचा.

खरी परीक्षा घरी होती. डाव्या, चांगल्या हातात जाड मोजा घालून राहायचं. झोप, आंघोळ आणि जिना सोडला तर दिवसभर. २००६ साली २२२ रुग्णांवर हीच पद्धत वापरून पाहिलेली आहे. त्यासाठी करारपत्र असतं, त्यावर माझी सही आणि हिचीही. शर्टाची गुंडी लावायला मला बारा मिनिटं लागायची. “अहो, द्या इकडे,” म्हणत तिचा हात पुढे यायचा आणि करार आठवून मागे जायचा. भाकरीचा तुकडा मोडताना ताटातली आमटी दोनदा सांडली. तिसऱ्या दिवशी मी ताटावर रडलो. ती उठली नाही, बोलली नाही, माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. त्या तीन आठवड्यांत माझ्याइतकंच तिनेही सोसलं, असं मी मानतो. चार महिने प्रेमापोटी माझं सगळं तीच करत होती, आणि त्यातच उजव्या हाताला काम न करायची सवय लागली होती.

हाताच्या तपासणीत ६६ पैकी २९ गुण होते, ते ३८ झाले. एका मिनिटात खोक्यातले लाकडी ठोकळे पलीकडे टाकायचे असतात. आधी ६, शेवटी १७. यात विजेचा वाटा किती, हे मॅडमनी छातीठोकपणे सांगितलं नाही, मीही सांगणार नाही.

आता आठ महिने झाले. सकाळी दोन तास मोजा अजून घालतो. वरची गुंडी लागत नाही, सहीसुद्धा पहिल्यासारखी येत नाही. परवा दहाच्या नोटांचं बंडल घेऊन बसलो. डाव्या हातात धरलं, उजव्या अंगठ्याने सारत गेलो. ९७ भरल्या. हिने मोजल्या, १०० होत्या. बंडल पुन्हा माझ्याकडे घेतलं.